जेईई अ‍ॅडव्हान्स्डचे जुने पेपर: फुकटचा अधिकृत साठा आणि बाजारातले जाड संग्रह

जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या म्हणजे आयआयटी प्रवेश परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर आर्काइव्ह नावाचा एक विभाग आहे. परीक्षा दरवर्षी वेगळी आयआयटी घेते, पण हा विभाग जागचा हलत नाही. २००७ पासूनच्या प्रत्येक वर्षाचा पेपर १ आणि पेपर २ तिथे पीडीएफमध्ये मिळतो, इंग्रजीत आणि हिंदीतही. पैसे लागत नाहीत. २०२५ पर्यंतचे धरले तर १९ वर्षांचे ३८ पेपर होतात. दुसरीकडे, पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही दुकानात गेलात तर गेल्या तीस-चाळीस वर्षांचे प्रश्न प्रकरणवार लावलेले जाडजूड संग्रह समोर येतात. अकरावीत पाऊल टाकलेल्या मुलाच्या घरी हे दोन्ही पोचतात, आणि बहुतेक घरांत दोन्ही चुकीच्या वेळी उघडले जातात.

आमचं मत आधीच सांगतो. अधिकृत साठा अव्वल आहे, पण २०१७ पर्यंतचे पेपर 'परीक्षा' म्हणून सोडवू नका, प्रश्नांचं कोठार म्हणून वापरा. घड्याळ लावून, गुण मोजून देण्याच्या लायकीचे पेपर २०१८ पासूनचे. जाड संग्रहांतला अर्धा भाग अकरावीसाठी उत्तम आहे, उरलेला नुसतं ओझं.

असं का, ते कळायला परीक्षा कशी बदलत गेली ते पाहावं लागतं. २००० च्या आधी आयआयटी-जेईई म्हणजे गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचे सविस्तर उत्तरांचे पेपर. ऐंशीच्या दशकात त्यांत रिकाम्या जागा आणि चूक-बरोबरही असत. २००० ते २००५ या काळात आधी वस्तुनिष्ठ स्क्रीनिंग आणि त्यातून निवडलेल्यांसाठी दोन-दोन तासांचे सविस्तर मेन्स पेपर, अशी दोन टप्प्यांची पद्धत होती. २००६ मध्ये सगळं वस्तुनिष्ठ झालं. त्या वर्षी प्रत्येक विषयाचा दोन तासांचा वेगळा पेपर होता. आजचा साचा, म्हणजे एकाच दिवशी तीन तासांचे दोन पेपर आणि प्रत्येकात तिन्ही विषय, २००७ मध्ये आला. २०१३ पासून नाव जेईई अ‍ॅडव्हान्स्ड झालं आणि जेईई मेन ही तिची चाळणी झाली. २०१८ पासून परीक्षा पूर्णपणे संगणकावर गेली.

साचा एकच असला तरी आतला माल दरवर्षी वेगळा. २००७ च्या एका पेपरात ६६ प्रश्न होते. १८० मिनिटं भागिले ६६, म्हणजे प्रश्नाला पावणेतीन मिनिटंही नाहीत. २०१२ मध्ये ६० प्रश्न, म्हणजे बरोबर तीन मिनिटं. २०१७ मध्ये ५४, २०२३ मध्ये ५१, आणि २०२५ मध्ये ४८, म्हणजे पावणेचार मिनिटं. प्रश्न कमी झाले याचा अर्थ पेपर सोपा झाला असा नाही. एकेक प्रश्न लांबला, त्यात दोन-तीन प्रकरणं गुंफली जाऊ लागली. २००७ चा पेपर पूर्ण वेळ लावून वारंवार सोडवणाऱ्या मुलाला प्रश्न वाचून लगेच सूत्र शोधायची घाई जडते. आजच्या पेपरात पहिलं मिनिट आकृती काढण्यात आणि दिलेली माहिती मांडण्यात घालवावं लागतं. ही घाई तिथे नडते, आणि बारावीच्या एप्रिल-मेमध्ये ती मोडणं फार अवघड जातं.

एकूण गुणही स्थिर नाहीत. २००७ मध्ये ४८६, २०१२ मध्ये ४०८, २०१३ आणि २०१४ मध्ये ३६०, २०१५ मध्ये एकदम ५०४, २०१६ मध्ये ३७२, २०१७ मध्ये ३६६, २०२० मध्ये ३९६. २०२१ पासून मात्र ३६० वर टिकलेत. मुलगा सांगतो 'मला दोनशे मिळाले', तेव्हा 'कितीपैकी' हा पहिला प्रश्न. दुसरा, 'त्या वर्षी पेपर कसा होता'. नुसत्या टक्केवारीनेही भागत नाही. सर्वसाधारण गुणवत्ता यादीत येण्यासाठी लागलेले किमान गुण पाहा, चारही वर्षं ३६० पैकीच: २०२२ मध्ये ५५, २०२३ मध्ये ८६, २०२४ मध्ये १०९, २०२५ मध्ये ७४. २०२२ चा पेपर सोडवून ९० आले म्हणून रडणारा आणि २०२४ चा सोडवून १०५ आले म्हणून पेढे वाटणारा, दोघांचंही गणित चुकलंय. प्रत्येक पेपरावर कोपऱ्यात त्या वर्षीचे हे किमान गुण लिहून ठेवा आणि आपले गुण त्याच्या किती पट आले एवढंच पाहा.

आता काळानुसार.

२००७ ते २०१२ हे १२ पेपर. प्रश्नांचा दर्जा उत्तम, विशेषतः भौतिकशास्त्रातल्या उताऱ्यांवरचे प्रश्न. पण प्रकार जुने. २००७ आणि २००८ मध्ये विधान-कारण प्रश्न आहेत. अ‍ॅडव्हान्स्डमधून ते गेले, पण जेईई मेनमध्ये आता येतात, म्हणून ते मेनच्या सरावात टाका. मॅट्रिक्स मॅचमध्ये, म्हणजे जोड्या जुळवायच्या प्रश्नांत, डाव्या स्तंभातल्या एका ओळीला उजवीकडच्या एकाहून जास्त गोष्टी जुळायच्या आणि सगळे गोळे स्वतः भरायचे. आजच्या पेपरात चार तयार जुळण्या देतात आणि त्यांतली एक निवडायची असते. आज एखाद-दोन ओळींची खात्री असली तरी बाकी पर्याय गळून पडू शकतात, तेव्हा ती सोय नव्हती. म्हणून हे जुने प्रश्न अवघड वाटतात, आणि म्हणूनच प्रकरण पक्कं झालंय का ते तपासायला फार चांगले आहेत. पर्याय नसल्यामुळे उलट्या वाटेने उत्तराकडे जाताच येत नाही.

२००९ मध्ये इंटिजर टाइप आला: उत्तर ० ते ९ यांपैकी एक अंक. २०१७ पर्यंत ओएमआरवर, म्हणजे गोळे भरायच्या कागदी उत्तरपत्रिकेवर, एका स्तंभात दहा गोळे असायचे. या प्रश्नांची एक वाईट सवय लागते. उत्तर १२ आलं की मुलाला लगेच कळतं की चुकलंय, आणि ३.९८ आलं की तो मनात ४ करून पुढे जातो. पेपरच त्याची चूक पकडून देतो. २०१८ पासून संख्यात्मक उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत मागायला लागले आणि हा आधार गेला. इथे सगळ्यात जास्त गुण मधल्या पायरीतल्या पूर्णांकनाने जातात. उदाहरणार्थ, उत्तर √२ × π असेल तर खरी किंमत ४.४४ येते. पण १.४१ गुणिले ३.१४ केलं तर ४.४३ येते. अंतिम उत्तरसूचीत बऱ्याचदा थोडी मुभा असते, पण तिच्या भरवशावर बसू नये. √२, π, लॉग २ ही सगळी शेवटच्या ओळीपर्यंत चिन्हं म्हणूनच ठेवायची, किंमत एकदाच टाकायची आणि टाकताना तीन दशांश स्थळं घ्यायची. कॅल्क्युलेटर मिळत नाही, पडद्यावरचासुद्धा नाही, तेव्हा तीन स्थळांचा गुणाकार हाताने करण्याचा सराव वेगळा लागतो. २०१७ पर्यंतचे इंटिजर प्रश्न तो सराव देत नाहीत.

२०१३ ते २०१७ हे १० पेपर मधल्या काळातले. इथे गुणदानाची पद्धत इतक्यांदा बदलली की मुलांच्या डोक्यात खिचडी होते. एकाहून जास्त बरोबर पर्यायांचे प्रश्न घ्या, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले मल्टिकरेक्ट. २०१३ च्या पेपर १ मध्ये सगळे पर्याय बरोबर आले तरच ४, नाहीतर उणे १. २०१४ च्या पेपर १ मध्ये सगळे बरोबर तरच ३, पण निगेटिव्ह नाही. २०१५ मध्ये ४ आणि उणे २, मधलं काही नाही. २०१६ मध्ये पहिल्यांदा अर्धवट बरोबर उत्तराला गुण मिळाले: प्रत्येक बरोबर पर्यायाला १, पूर्ण बरोबर असेल तर ४, एक जरी चुकीचा पर्याय निवडला तर उणे २. आजची पद्धत २०१८ पासूनची. पूर्ण बरोबर ४; चारही पर्याय बरोबर असताना तीनच निवडले तर ३; तीन किंवा चार बरोबर असताना दोनच निवडले आणि दोन्ही बरोबर असले तर २; दोन किंवा अधिक बरोबर असताना एकच निवडला आणि तो बरोबर असला तर १; कुठेही चुकीचा पर्याय घुसला तर बहुतेक वर्षी उणे २.

याचा डावपेचावर थेट परिणाम होतो. २०१४ चा पेपर १ त्याच्या स्वतःच्या नियमाने सोडवणारा मुलगा शंका असली तरी पर्यायावर टिक करायला शिकतो, कारण जाणारं काही नाही. आज दोन पर्यायांची खात्री आहे आणि तिसरा 'बहुतेक' वाटतोय, तर तो सोडायचा: तो चुकला तर हातचे निदान २ घालवून उणे २ घ्यायचे, म्हणजे किमान चार गुणांचा फटका. तेव्हा या काळातले पेपर सोडवा, पण मल्टिकरेक्ट तपासताना त्या वर्षीचा नियम बाजूला ठेवून आजचा लावा. वहीत दोन रकाने करा: सगळे पर्याय धाडसाने भरले असते तर किती, आणि फक्त खात्रीचे भरले असते तर किती. पाच-सहा पेपरांनंतर कोणता रकाना पुढे राहतो ते पाहून परीक्षेतली आपली पद्धत ठरवता येते. बहुतेकांचा दुसरा रकाना जिंकतो.

२०१८ ते २०२५ हे १६ पेपर सगळ्यात मोलाचे, आणि दुर्दैवाने सगळ्यात आधी वाया जाणारे. क्लासच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे छापील अभ्यासपुस्तिकांत, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी हेच प्रश्न कंसात साल टाकून छापलेले असतात. मुलगा अकरावीच्या ऑगस्टमध्येच २०२१ चा न्यूटनच्या नियमांचा प्रश्न सोडवतो, तोही 'न्यूटनचे नियम' हे शीर्षक वर असताना. बारावीच्या मेमध्ये तोच पेपर पूर्ण देतो तेव्हा काही प्रश्न ओळखीचे निघतात, गुण फुगतात आणि घरात खोटा आनंद होतो. उपाय सोपा आहे. अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात तीन वर्षं ठरवा, आमची शिफारस २०२२, २०२४ आणि २०२५. मॉड्यूलमध्ये ही सालं दिसतील तिथे पेन्सिलने फुली मारा. सरांनी वर्गात त्यातला प्रश्न घेतलाच तर त्याची नोंद करून ठेवा आणि पुढे तो पेपर तपासताना त्या प्रश्नाचे गुण मिळालेले आणि एकूण, दोन्हींतून वजा करा.

हे पेपर देताना प्रत्येक विभागाच्या डोक्यावरच्या सूचना वाचायची सवय लावा. पूर्ण गुण, अर्धवट गुण, शून्य गुण, निगेटिव्ह गुण अशा चार ओळींत तिथे सगळं स्पष्ट दिलेलं असतं, तरी मुलं 'इंटिजरला निगेटिव्ह नसतं' असं गृहीत धरतात. २०२० च्या पेपर २ मध्ये एका अंकाच्या उत्तरांना उणे १ होतं. २०१९ मध्ये मल्टिकरेक्टला उणे २ नव्हे, उणे १ होतं. पुढच्या वर्षी काय असेल ते परीक्षेच्या दिवशी पडदा उघडल्यावरच कळतं, आणि वाचायला लागतं जेमतेम अर्धं मिनिट.

दोन्ही पेपर एकाच दिवशी द्यायचे, खऱ्या वेळेला: सकाळी ९ ते १२ आणि दुपारी २.३० ते ५.३०. फक्त पेपर १ देऊन 'बाकी उद्या' म्हटलं तर त्या सरावाला अर्थ उरत नाही, कारण खरी पडझड दुपारी चारच्या पुढे होते: चिन्हांच्या चुका, एककं विसरणं, प्रश्नात 'अयोग्य विधान निवडा' लिहिलेलं असताना योग्य निवडणं. आणि हे १६ पेपर छापू नका. पडद्यावर ठेवून कोऱ्या कागदावर कच्चं काम करा. कागदावर सोडवताना आकृतीवरच बाण काढायची सवय असते, पडद्यावर ती चालत नाही. आकृती पुन्हा काढायलाच प्रश्नामागे वीस-तीस सेकंद जातात आणि ती मोजणीत यायला हवीत. अधिकृत संकेतस्थळावर संगणकीय सराव चाचण्याही असतात. प्रश्न नेहमीचेच, पण बटणं, रंग आणि संख्या भरायचा कीपॅड तोच, म्हणून शेवटच्या महिन्यात एकदा तरी त्यातून जावं. एका दिवसाच्या पेपरांचं विश्लेषण दुसऱ्या दिवशी, आणि त्याला पेपराइतकाच वेळ. हे जमत नसेल तर पेपर कमी करा, विश्लेषण नको कमी करायला.

अधिकृत साठ्याचे दोष? मुख्य दोष एकच, तो नुसता साठा आहे. पेपर तेवढा मिळतो. स्पष्टीकरण नाही, प्रकरणाची खूण नाही, अवघड-सोपं असं काही नाही. जुन्या वर्षांची उत्तरं क्लासेसच्या संकेतस्थळांवर शोधावी लागतात आणि तिथे दोन खड्डे आहेत. पहिला, कागदावरच्या काळात पेपरांना कोड असायचे आणि कोडागणिक क्रम बदलायचा. तुमच्या पीडीएफवर एक कोड आणि उत्तरसूची दुसऱ्या कोडची असेल तर चांगला सोडवलेला पेपर सपशेल नापास दिसतो. पहिले पाच-सहा सोपे प्रश्न जुळतात का ते पाहूनच पुढे तपासा. दुसरा, परीक्षेच्या संध्याकाळी क्लासेस घाईघाईने टाकतात त्या उत्तरांत चुका असतात आणि त्या वर्षानुवर्षं तशाच फिरत राहतात. प्रश्नच वादग्रस्त निघाल्याचीही उदाहरणं आहेत. २०१७ मध्ये बोनस गुणांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि प्रवेशप्रक्रिया काही दिवस थांबली. एखाद्या प्रश्नावर अर्धा तास डोकं फोडूनही उत्तर जुळत नसेल तर दोन वेगळ्या ठिकाणची उत्तरं पडताळा, मग स्वतःला दोष द्या.

जाड संग्रहांकडे वळू. २००७ च्या आधीचे प्रश्न त्या अधिकृत यादीत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी हे संग्रहच लागतात. त्यांतला सविस्तर उत्तरांचा भाग, म्हणजे २००० च्या आधीची परीक्षा आणि २००० ते २००५ चे मेन्स, आजही सोन्यासारखा आहे, पण कुठे ते समजून घ्या. गणितात संमिश्र संख्या, असमानता, निश्चित संकलन, फलनांचे गुणधर्म. 'सिद्ध करा' म्हटल्यावर मुलाला पर्याय टाकून पाहायची पळवाट राहत नाही. यामिकीतही तेच: मुक्त वस्तू आकृती काढल्याशिवाय ते प्रश्न सुटत नाहीत. अकरावीत एक प्रकरण संपलं की त्यातले आठ-दहा असे प्रश्न, घड्याळ न लावता, पायऱ्या स्वच्छ लिहून. त्याहून जास्त नको. एका प्रश्नाला वीस मिनिटं लागली तरी हरकत नाही. त्याच संग्रहातले स्क्रीनिंगचे प्रश्न मात्र आजच्या मेनच्या पातळीच्या आसपासचे. वेळ असेल तर बघा, नाहीतर सोडा.

रसायनशास्त्रात जुना संग्रह वापरताना डोळ्यांत तेल घालावं लागतं. जुन्या प्रश्नांत एसटीपी (प्रमाण तापमान आणि दाब) म्हणजे १ अ‍ॅटमॉस्फिअर आणि २२.४ लीटर धरलेलं असतं. आज १ बार आणि सुमारे २२.७ लीटर. ऊर्जा कॅलरीत आणि वायू स्थिरांक २ कॅलरीचा. कुठे क्षपण विभवाऐवजी ऑक्सिडीकरण विभव दिलेलं, म्हणजे चिन्ह उलटं. उष्मागतिकीत कार्याचं चिन्ह व्यवस्थेने केलेलं की व्यवस्थेवर केलेलं, याचे दोन्ही संकेत एकाच संग्रहात सापडतात, आणि उत्तर बरोबर असूनही चिन्ह उलटं आलं म्हणून मुलं तासभर हैराण होतात. भौतिक आणि सेंद्रिय रसायनातलं हे सांभाळून चालवता येतं. असेंद्रियात मात्र तीस वर्षांपूर्वीची प्रश्नांची निवडच वेगळी होती. तिथे एनसीईआरटीचं पुस्तक ओळ न ओळ वाचणं बरं.

अभ्यासक्रमाचा मुद्दा नवीन आवृत्तीवाले प्रकाशकही नीट हाताळत नाहीत. अ‍ॅडव्हान्स्डचा अभ्यासक्रम २०२३ पासून बदलला. त्रिकोणाच्या बाजू आणि कोनांतल्या संबंधांचं प्रकरण वगळलं गेलं, आणि जुन्या संग्रहांत नेमकं तेच चांगलं लठ्ठ असतं. साइन नियम आणि कोसाइन नियम येऊ द्या, सदिशांत आणि भौतिकशास्त्रात लागतात. अंतर्वृत्त-परिवृत्ताच्या त्रिज्यांची पानंच्या पानं सोडून द्या. उलट बाजूने सांख्यिकी, विद्युतचुंबकीय तरंग, प्रकाशाचं ध्रुवीकरण, अवमंदित आणि प्रेरित दोलनं हे सगळं आत आलं. या विषयांवर २००७ ते २०२२ च्या पेपरांत शोधून फारसं हाती लागणार नाही, म्हणून 'सगळे जुने पेपर केले' म्हणणारा मुलगा नेमका इथे उघडा पडतो. सांख्यिकी आणि विद्युतचुंबकीय तरंग मेनमध्ये पूर्वीपासून होते, तेव्हा मेनचे २०१३ नंतरचे प्रश्न घ्या. मेनचा अभ्यासक्रम वेगळा आणि २०२४ पासून कमी झालेला: घनावस्था, पृष्ठ रसायन, एस-ब्लॉक, गणिती विगमन वगैरे त्यातून गेलं. मेनमधून गेलं म्हणजे अ‍ॅडव्हान्स्डमधूनही गेलं असं धरू नका. घनावस्था आणि पृष्ठ रसायन तिथे अजून आहेत. दोन्ही अभ्यासक्रमांच्या पीडीएफ छापून संग्रहाच्या अनुक्रमणिकेशेजारी ठेवा आणि प्रकरणागणिक 'दोन्ही', 'फक्त अ‍ॅडव्हान्स्ड', 'कुठेच नाही' असं लिहा. तासाभराचं काम आहे.

प्रकरणवार मांडणीचा मूळ दोष कोणत्याच प्रकाशनाला टाळता येत नाही. प्रश्न कोणत्या प्रकरणाचा हे आधीच कळलं की निम्मा प्रश्न सुटलेला असतो. म्हणून दिवाळीनंतर, बारावीत, २००७ ते २०१२ चे उरलेले प्रश्न मूळ पीडीएफमधून, एका विषयाचे सलग, ५० मिनिटांत असे सोडवा. तिन्ही विषय मिळून १५० मिनिटं होतात, मूळ वेळेपेक्षा अर्धा तास कमी. पण इथे पेपर पुरा करायचा नसतो. प्रश्न पाहून तो कुठल्या प्रकरणाचा हे ओळखायचं, आणि कोणता सोडायचा ते दहा सेकंदांत ठरवायचं, एवढ्याचा हा सराव.

राज्य मंडळाच्या मुलांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. एमएचटी-सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, प्रश्नांचा भर बारावीवर सुमारे ८० टक्के, आणि भौतिक-रसायनाचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. काहीही झालं तरी गोळा भरायचाच, ही तिथली योग्य सवय. एप्रिल-मेमध्ये सकाळी सीईटीचा आणि दुपारी अ‍ॅडव्हान्स्डचा पेपर देणारी मुलं ही सवय दुपारच्या पेपरात घेऊन जातात आणि मल्टिकरेक्टमध्ये उणे दोनांची रांग लावतात. दोन्ही सराव वेगवेगळ्या दिवशी ठेवा. सीईटी झाल्यावर पहिला अ‍ॅडव्हान्स्ड पेपर फक्त 'सोडायचे प्रश्न' ठरवण्यासाठी द्या. सीईटीचे २०१६ ते २०१८ चे ओएमआरवरचे पेपर प्रश्नसंख्या आणि वेळेच्या दृष्टीने आजच्यासारखेच आहेत, तेव्हा ते निर्धास्त वापरा. फक्त तेव्हा अभियांत्रिकीचा पेपर सगळ्यांना एकच असायचा आणि निकाल गुणांत लागायचा; २०१९ पासून वेगवेगळ्या शिफ्ट आणि पर्सेंटाइल आले. तेव्हाच्या गुणांवरून आजचं पर्सेंटाइल काढायचा खटाटोप करू नका.

एआयईईई, म्हणजे जेईई मेनच्या आधीची परीक्षा, तिचे २००२ ते २०१२ चे पेपर घ्यावेत का? नकोत. मेनचे २०१९ पासूनचे शिफ्टवार पेपर इतके आहेत की संपत नाहीत, आणि २०२५ पासून मेन पुन्हा ७५ सक्तीच्या प्रश्नांवर आलीय, प्रश्नाला २ मिनिटं २४ सेकंद. २०२१ ते २०२४ च्या मेनमध्ये संख्यात्मक दहांपैकी पाचच सोडवायची सूट होती. ते पेपर देताना प्रत्येक विषयातले पहिले पाच संख्यात्मक प्रश्न घ्या, निवड करू नका.

विकत घ्यायचंच असेल तर तिन्ही विषयांचा एकेकच संग्रह घ्या, तोही सविस्तर उत्तरांचे जुने प्रश्न असलेला. बऱ्याच नव्या आवृत्त्यांनी पानं वाचवायला तेच काढून टाकलेत आणि त्या जागी मेनच्या शिफ्ट भरल्यात, ज्या फुकट मिळतात. दुकानात उभ्या उभ्या संमिश्र संख्यांचं प्रकरण उघडा: १९९० च्या आसपासचे 'सिद्ध करा' प्रश्न दिसले, आणि उत्तरं नुसती अक्षरांत न देता पायऱ्यांत दिलेली असली, तर घ्या. रद्दीच्या भावातली दहा वर्षं जुनी प्रत मिळाली तरी चालेल, २००७ नंतरचं सगळं तुम्हाला संकेतस्थळावरून मिळणारच आहे.